माटोळीला न लागलेली केळी

गणपती पाण्यात गेला की दुसऱ्या दिवशी आमच्या घरात माटोळी उतरवतात. गणपतीच्या डोक्यावर आढ्याला टांगलेली ती लाकडी चौकट. तिला रानातली फळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड म्हणजे घोस, आणि मधोमध केळ्यांचे घड बांधलेले असतात. दीड दिवस ती मान वर करून बघायची असते. मग खाली येते, आणि जे बघायचं असतं ते खायचं होऊन जातं. आंबाडे रायत्यात जातात, नारळ वाटणात, रानफळं परसात. केळ्यांचं काय करायचं हा मात्र दर वर्षीचा प्रश्न. बांधताना ती हिरवी असतात, उतरवताना पिवळी झालेली असतात, आणि त्यानंतर एकदमच सगळी पिकतात. शेजारी द्यावीत तर शेजारीही तोच प्रश्न. भादव्याच्या त्या आठवड्यात डिचोलीकडच्या आमच्या सर्वण गावात कुठल्याही घरात शिरा, दारातच केळ्यांचा तो गोडसर, किंचित आंबूस वास येतो.

त्याला आमच्या घरातलं उत्तर म्हणजे धोंडस. तांदळाचा रवा, केळी, गूळ आणि नारळाचा रस एकत्र शिजवून, खाली विस्तव आणि वर विस्तव ठेवून भाजलेलं. ते केकसारखं दिसतं, पण केक नव्हे. गरम असताना चमच्याने खावं लागतं, दुसऱ्या दिवशी सुरीने कापता येतं. माझं माहेर पेडण्याचं. आमच्याकडे ते तवशाचं करतात, पावसाळ्यातल्या त्या मोठ्या जून काकडीचं. केळ्यांचं धोंडस मी लग्न होऊन सर्वणात आल्यावर पाहिलं, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला ते फारसं आवडलंही नाही. फार गोड वाटायचं.

आता मीच करते. यंदाही केलं. ओव्हनमध्ये केलं, कारण चूल आता आंघोळीच्या पाण्यापुरती उरली आहे. ओव्हनच्या काचेतून ते फुगताना दिसतं, मध्ये बघायला झाकण उचलावं लागत नाही. सोय आहे. करताना मात्र दर वेळी एकच वर्ष आठवतं, आणि गंमत अशी की त्या वर्षी चतुर्थीला आमच्या घरात गणपती बसलाच नव्हता.

त्या वर्षी चतुर्थी दोन दिवसांवर आली होती. घरात त्या दिवसांत असते ती सगळी धांदल होती. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, कुळागरातले, म्हणजे घरच्या पोफळी-केळींच्या बागेतले, रसबाळी केळ्यांचे चांगले घड आधीपासून हेरून ठेवले होते. ते कापून आणले होते आणि कोठीच्या खोलीत गोणपाटाखाली ठेवले होते. माटोळीची चौकट धुऊन सोप्यावर वाळत होती. सासूबाई स्वयंपाकघरात नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पुऱ्या लाटत होत्या. मी त्या भरून, मुरडून ताटात ठेवत होते. माझा फोन वाजला तेव्हा हात पुसून तो उचलायला मी बाहेर आले. नंबर ओळखीचा नव्हता.

"वहिनी, प्रकाश बोलतंय."

प्रकाश म्हणजे माझा धाकटा दीर. मी त्याच्याशी त्याआधी कधी बोलले होते ते मला आठवेना. त्याने दर्शनाशी लग्न केलं तेव्हापासून तो घरी आला नव्हता. दर्शना दोडामार्गाकडची. तिचे वडील डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायला आले आणि कुटुंबासकट इकडेच राहिले. बाबांनी प्रकाशसाठी दुसरीकडे शब्द टाकून ठेवला होता. प्रकाशने ऐकलं नाही, नोंदणी करून लग्न केलं आणि दोघं जोडीने पाया पडायला आली. बाबा सोप्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "माका एकच झील," एवढं म्हणाले. एकच मुलगा, म्हणजे माझा नवरा, मोहन. दोघं पायरीवरूनच परत गेली. पुढे प्रकाशला मुरगाव बंदरात जहाजांच्या मालाचं काम मिळालं आणि ती वास्कोला राहायला गेली. एवढं आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं होतं. घरात कुणी त्याचं नाव घेत नसे. घ्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण घेतलं जात नसे.

"दर्शनाक चेडू झाला," तो म्हणाला. मुलगी झाली होती. "आज सकाळी. दोघांय बरी आसत."

मी बरं झालं म्हणाले.

मग तोच म्हणाला, "परवा चतुर्थी. माका ठाऊक आसा. दर्शना म्हणत होती फोन करू नको. पण माका रवला नाय. घरात सांगूचा की नाय तां तुम्हीच बघा." आणि त्याने फोन ठेवला.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. घराण्यात मूल जन्मलं की भाऊबंदांना दहा दिवस सुयेर लागतं. मृत्यूचं ते सुतक, जन्माचं ते सुयेर. आनंदाचं असलं तरी तेवढ्या दिवसांत देवाला हात लावायचा नाही, आणि गणपती आणायचा तर मुळीच नाही. आमच्या घरातला गणपती कधी चुकला होता असं कुणाला आठवत नव्हतं. आता तो बसणार की नाही, हे मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड उघडते की नाही, यावर येऊन ठेपलं होतं. आणि मी त्या घरातली तशी बाहेरूनच आलेली.

मी जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, थोडा वेळ उभी राहिले. न सांगणं फार सोपं होतं. दीड दिवसाचा गणपती, तो गेल्यावर सांगता आलं असतं आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. मग डोळ्यांसमोर आलं की परवा संध्याकाळी मी आरतीचं ताट हातात घेऊन या सगळ्यांच्या मध्ये उभी आहे, आणि हे मला एकटीलाच माहीत आहे. ते मला जमणार नव्हतं. यात मोठं काही नाही. माझा स्वभाव तसा नाही, इतकंच.

आत गेले तर सासूबाईंनी मान न उचलताच विचारलं, "कोणाचो फोन?"

"प्रकाशभावोजींचो. चेडू झाला."

त्यांचं लाटणं थांबलं. "कशी आसत?"

"दोघांय बरी आसत, म्हणाले."

पोळपाटावर अर्धी लाटलेली पुरी होती. ती त्यांनी उचलली, तिचा गोळा केला आणि परत पिठात मिसळला. "मगे ह्यां आता पुढे करू नको," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मोहन आला तेव्हा त्याने नेमकं तेच सुचवलं जे मी जनेलाशी उभी राहून मनात म्हटलं होतं. "फोन विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी इलो म्हणाया," तो म्हणाला. "कळल्याबगर सुयेर लागणा नाय. भटजीच सांगतत."

बाबा सोप्यावर माटोळीसाठी सुंभाचे तुकडे करत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण आमच्या घरात स्वयंपाकघरातलं बोलणं सोप्यावर ऐकू जातंच. त्यांनी सुंभ कापणं थांबवलं नाही. "माका कोणी काय सांगूक नाय," ते म्हणाले.

सासूबाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. मी त्यांना बाबांसमोर आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही.

"मी सांगतंय आता. प्रकाशाक चेडू झाला. कळला नाय म्हणशात, तर तां चेडू आमचा नाय म्हटल्यासारख्या जातला. तसा म्हणूचा आसल्यास म्हणा. पण मगे माका आरतीक हाक मारू नकात."

आणि त्या आत निघून गेल्या. दुपारी कुणी फारसं जेवलं नाही. मी उगाच भरलेल्या नेवऱ्या एका ताटातून दुसऱ्या ताटात ठेवत होते. त्या तळायच्या की नाही, हेही मला कळत नव्हतं.

ऊन उतरल्यावर बाबांनी धुतलेला सदरा घातला आणि मोहनला स्कूटर काढायला सांगितली. दोघं गेले ते मूर्ती करतात त्या चित्रशाळेत. तिथे पुढे काय झालं ते मोहनने मला नंतर सांगितलं. शाळेत त्या वेळी गर्दी होती. कुणी मूर्ती न्यायला आलेले, कुणी रंग बघायला. मूर्तिकार म्हणाला, "तुमचो झालो. डोळे तेवढे रवलेत."

बाबा म्हणाले, "रवांदे. आमच्या घरात सुयेर आसा."

"कोणाक झाला?"

गावात असा प्रश्न कुणी मुद्दाम विचारत नाही, तो आपोआप येतो. मोहन म्हणाला, मला तो नकोच होता, कारण त्या शाळेत निम्मं गाव उभं होतं आणि निम्म्या गावाला पायरीवरची ती गोष्ट माहीत होती. बाबांनी मान वर केली.

"माझ्या धाकट्या झिलाक," ते म्हणाले. "मुरगावाक आसता तो. चेडू झाला."

जरा मोठ्यानेच म्हणाले, असं मोहनचं म्हणणं. मूर्तिकाराने आमच्या गणपतीवर पांढरं फडकं टाकलं आणि त्याला मागच्या फळीवर सरकवलं. पुढे सुयेर फिटून गेल्यावर, भटजींनी सांगितलेल्या दिवशी तो बसलाही, पण चतुर्थीला नाही.

बाबांनी हे का केलं ते मला माहीत नाही. सासूबाईंच्या बोलण्याने केलं, की नातीचं ऐकून केलं, की देवाच्या बाबतीत खोटं नको म्हणून केलं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी माटोळीची चौकट उचलून माळ्यावर ठेवली आणि सुंभाचे तुकडे एका पिशवीत भरून खुंटीला लावले.

त्या वर्षीची चतुर्थी मी आमच्या पडवीत बसून ऐकली. शेजारच्या घरातून घुमटाचा, त्या मातीच्या वाद्याचा, आवाज येत होता, झांजा येत होत्या, आरत्यांचे चढत जाणारे सूर येत होते. कुणाच्या आरत्या रेंगाळतात आणि कोण भराभर उरकतं, ते इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं. पोरं फटाके उडवत आमच्या दारावरून जायची, आत यायची नाहीत. आमच्याकडे रांगोळी नव्हती, दिवे नव्हते. वाईट वाटत होतं असंही नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या आवारात गेल्यावर वाटतं, तसं काहीसं होतं.

आणि केळी पिकत होती. गोणपाटाखाली, कोठीच्या अंधारात, एका मागून एक घड पिवळा होत गेला. कुणाला द्यायची सोय नव्हती, कारण सुयेराच्या घरातलं कुणी खात नाही. आम्ही सकाळी पावाबरोबर केळी खाल्ली, दुपारी शिकरण खाल्लं, संध्याकाळी नुसतीच खाल्ली. मोहन म्हणाला, आता वाससुद्धा नको. शेजारची गाय कुंपणाशी येऊन उभी राहायला लागली. बाबा मात्र रोज कोठीत जाऊन घड उलटेपालटे करायचे, डागी केळी बाजूला काढायचे आणि चांगली मागे ठेवायचे. एवढी कशासाठी राखताहेत, असं मला वाटायचं.

सुयेर फिटलं त्या दिवशी घर धुतलं, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, भटजींनी पंचगव्य शिंपडलं. त्यानंतर सासूबाईंनी उरलेली सगळी केळी स्वयंपाकघरात मागवली. साली बाहेरून काळ्या पडल्या होत्या. आत गर मधासारखा मऊ आणि गडद.

त्या म्हणाल्या, "बघ नीट. परत परत सांगूचंय नाय."

मी म्हटलं, "आमच्याकडे तवशाचा करतत. ता इतक्या गोड जायना नाय."

"तवशाचा म्हातारे खातत. ह्यां बाळंतिणीक."

तेव्हा मला कळलं की आपण वास्कोला चाललो आहोत.

तांदळाचा रवा त्यांनी तुपावर परतला, खमंग वास सुटेपर्यंत, पण रंग न बदलता. ही वेळ मला अजूनही साधत नाही. माझा एक तर कच्चा राहतो, नाही तर लाल होतो. मग नारळाचा पातळ रस, माडाचा काळा गूळ, चिमूटभर मीठ. मीठ नसेल तर गोडही लागत नाही, असं त्या म्हणायच्या. रवा शिजला की कुस्करलेली केळी, काजूचे तुकडे, वेलची आणि शेवटी दाट रस. जाड बुडाच्या पातेल्यात हळदीची पानं अंथरून त्यावर ते ओतलं. पातेलं चुलीवरच्या मंद निखाऱ्यांवर, आणि झाकणावर पुन्हा निखारे.

वरचा विस्तव सांभाळणं हेच यातलं खरं काम. तो कमी झाला तर धोंडस वरून पांढरं राहतं, जास्त झाला तर करपतं आणि आत ओलं राहतं. यंदा ओव्हनमध्ये ठेवून मी बाहेर येऊन पेपर वाचला. वर तार तापते, ती आपली आपण बघून घेते. प्रकाशची मुलगी सावी आता शाळेत जाते. दर चतुर्थीला येते, एक तुकडा चाखते आणि मला सांगते की काकी, याच्यावर चॉकलेट घाल ना. एकदा मी घातलंही होतं. वाईट लागलं नाही.

त्या दिवशी मात्र विस्तव बघायला बाबा येऊन बसले. माझ्या लग्नापासून मी त्यांना चुलीशी बसलेलं पाहिलं नव्हतं. करवंट्या फोडून त्यांचे निखारे करत, चिमट्याने एकेक उचलून झाकणावर मांडत होते, कडेला दाट आणि मध्ये विरळ. सासूबाई त्यांना काही सांगत नव्हत्या. मध्येच बाबांनी झाकण उचललं आणि खराट्याची हीर आत खुपसून पाहिली. ती ओली निघाली. झाकण परत गेलं. वाफेने स्वयंपाकघर भरून गेलं होतं, हळदीच्या पानांचा आणि जळत्या गुळाचा वास होता.

"मुरगावाक जावक सकाळची बस किती वाजता?" बाबांनी विचारलं. विचारलं ते विस्तवाकडे बघत.

"पणजीसून बदलूची लागता," सासूबाई म्हणाल्या.

एवढंच. पुढे कोण कोण जाणार, हा प्रश्न कुणी काढला नाही.

बारशाच्या दिवशी आम्ही चौघं निघालो. पातेलं कापडात बांधून सासूबाईंनी पणजीपर्यंत मांडीवर घेतलं आणि पणजीपासून मी. प्रकाशची खोली बंदराच्या वरच्या चढावर होती. दारात बालदीत पाणी होतं. आम्ही पाय धुतले. प्रकाश बाहेर आला, बाबांच्या पाया पडला आणि वाकलेलाच राहिला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चढ मोठो आसा रे तुझो." दोघं आत गेले.

खोली लहान आणि माणसांनी भरलेली होती. दर्शनाचे आईवडील आधीच आले होते. बाबा आणि तिचे वडील समोरासमोर खुर्च्यांवर बसले. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पाळण्याच्या भोवती बायका होत्या, नाव ठेवून झालं, आणि सासूबाईंनी धोंडसाचे तुकडे सगळ्यांना वाटले. दर्शनाच्या वडिलांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "केळी घरची?"

"कुळागरातली. सर्वणची."

"त्या वळणावर आसा तां कुळागर? रस्त्याक लागान, खाली न्हय?"

बाबांनी होय म्हटलं.

"मी वर्सांवर्सां थयसून ट्रक नेलंय," ते म्हणाले. "आमच्या धुळीन तुमची पानां तांबडी जायची. एकदा तुम्ही कुंपणाकडे उभे रवान माका गाळी घातलात."

मी प्रकाशकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता.

"एकदा खंय?" बाबा म्हणाले. "दर ट्रकाक घालीत होतंय."

पहिल्यांदा दर्शनाचे वडीलच हसले. मग मोहन, मग सगळे. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी ताटलीतला आपला तुकडा मोडून अर्धा त्यांच्या ताटलीत ठेवला. "थांबवन उतरूचा होता एक दिस," ते म्हणाले.

"कोणी बोलवूक नाय."

"आता बोलयतंय."

या गोष्टीला लोक समेट म्हणतात. मला तो शब्द मोठा वाटतो. त्या दिवशी कुणी कुणाची माफी मागितली नाही, मागचं कुणी काढलं नाही. पंगत झाली, चहा झाला, शेवटची बस चुकू नये म्हणून सासूबाई घाई करायला लागल्या.

निघताना मी दर्शनाला भेटायला आतल्या खोलीत गेले. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. माझ्या सासरच्यांशी दिवसभर ती नीट बोलली होती, पण जपून. आम्ही दोघीच राहिल्यावर तिने विचारलं, "फोन तुम्हीच उचललात ना?"

"होय."

"मी ह्यांका म्हटला होता, करू नको."

"ठाऊक आसा. म्हणाले ते."

"राग म्हणून न्हय," ती म्हणाली. "माका भय वाटत होता. फोन केलो नसतो आणि तुमच्याकडे गणपती बसलो असतो, तर तुमका कळूकच नाय असा म्हणूक इला असता. पण कळान सुद्धा बसवलो असतो, तर..."

तिने वाक्य तिथेच सोडलं. बाळ जागं झालं होतं आणि तोंड वाकडं करत होतं. तिने त्याला कापडासकट उचललं. "काकीकडे जा," म्हणाली आणि माझ्या हातात दिलं. बाहेरून सासूबाईंची हाक आली, बस येईल म्हणून. मी ते इतकंसं मूल धरून उभी राहिले. दर्शनाने ते परत मागितलं नाही, आणि मीही ते आपण होऊन दिलं नाही.